पुढच्या शिडाचा घोळ

शीड फाटलं तेव्हा डॉक्टरांचं वाक्य अर्धंच झालं होतं. "बघ, उगाच घाबरवत होतीस, काही होत ना—" इथवर ते आले आणि डोक्यावर टर्रकन आवाज झाला. कापडाच्या दुकानात ताग्यातून कापड फाडतात तसाच. फरक एवढाच, की दुकानदार हवं तेवढं फाडून थांबतो. ही चीर थांबायचं नाव घेईना. खालच्या काठाशी सुरू झाली, वर वर चढत गेली, आणि पाहता पाहता पुढच्या शिडाच्या दोन चिंध्या होऊन वाऱ्यावर एकमेकींच्या थोबाडीत मारायला लागल्या.

"अरे, ऊन आलं की इकडे!" पुढे उशीला टेकून पुस्तक वाचत पडलेल्या वन्सं ओरडल्या.

बाई काही बोलल्या नाहीत. मघापासून त्या सांगत होत्या, वारा वाढतोय, शीड थोडं गुंडाळून घेऊ या, आणि मघापासून डॉक्टर सुकाणू धरून म्हणत होते, "अजून थोडं, अजून थोडं." अशा वेळी गप्प बसण्यात जी मजा असते ती बोलण्यात नसते, हे इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चिंध्यांकडे पाहत होता.

"जुनंच झालं होतं," डॉक्टर म्हणाले. "शिवण कुजली होती. आज ना उद्या जाणारच होतं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "दात मोडल्यावर तुमचे पेशंटही हेच म्हणतात. चावायला नको होतं, एवढंच."

डॉक्टर दातांचे. उभा जन्म त्यांनी तोंड उघडून बसलेल्या माणसांशी गप्पा मारण्यात घालवला होता, त्यामुळे आपण बोलायचं आणि समोरच्याने फार तर "आं" म्हणायचं, हीच त्यांची संभाषणाची कल्पना. बाईंचा धंदा उलटा. त्या लोकांचे आखडलेले खांदे, माना आणि गुडघे व्यायाम देऊन सुटे करायच्या, आणि खांद्यांसाठी त्यांचं नाव इतकं होतं की पेशंट त्यांना मागे 'खांदेवाल्या बाई' म्हणत. लोकांना दिवसभर "हात झटक्याने ओढू नका हं" असं बजावणाऱ्या या बाई सुट्टीच्या दिवशी बोटीवर काय करत, तर हात झटक्याने ओढत.

बोट लहानशीच. चौघं झोपू शकतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, पण त्या चौघांचं आधीपासून फार सख्य असायला हवं. एक डोलकाठी, तिच्या मागे एक शीड आणि पुढे एक. मागचं शीड बिचारं गरीब, आपल्या आडव्या दांड्याला धरून मुकाट्याने इकडून तिकडे जायचं. सगळा त्रास पुढच्याचा. ते इतकं मोठं होतं की डोलकाठीच्याही मागे ऐसपैस पसरायचं. बोटीने कूस बदलली की एका बाजूचा दोर सोडायचा, धावत दुसऱ्या बाजूला जायचं, तिकडचा दोर हातांनी ओढायचा, मग चरखीला दांडा लावून गरागरा फिरवून तो आवळायचा. हे काम बाईंचं. डॉक्टर सुकाणूवर बसत आणि "चल, पालटू या!" म्हणत. म्हणायला सोपं होतं.

त्या दिवशी इंजिन लावून ते धक्क्यावर परतले. फाटकं शीड खाली उतरवताना डॉक्टरांनी मदत करायची म्हणून शिडाच्या डोक्याला बांधलेला दोर सोडवला, आणि त्याचं टोक कुठेतरी अडकवून ठेवायचं असतं हे विसरून हातातून सोडून दिलं. दोर सरसर वर गेला आणि डोलकाठीच्या शेंड्याला जाऊन बसला. तिघंही माना वर करून बघत राहिले.

"आता?" वन्सं म्हणाल्या.

"काढता येईल," डॉक्टर म्हणाले. कोण काढणार ते बोलले नाहीत. डॉक्टरांना उंचीचं भय होतं. घरात बल्ब बदलायचा तरी ते स्टूल धरून उभे राहत, चढत बाई.

घरी आल्यावर शीड बैठकीच्या खोलीत पसरलं. आधी खुर्च्या बाहेर गेल्या, मग मधलं टेबल, तरी शीड मावेना. त्याचं एक टोक जेवणाच्या टेबलाखालून थेट स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत गेलं. तिघं त्याच्या कडेने, मधे पाय पडू नये अशा बेताने भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"नवीन घ्यायचं," डॉक्टर म्हणाले, "तर जरा मोठंच घेऊ या."

"याहून मोठं?" बाईंचा आवाज चढला. "बोटीला शीड घ्यायचंय की मांडव घालायचाय?"

"वारा कमी असला की मोठंच शीड लागतं. चार लोकांना विचार."

"चार लोक येणार आहेत दोर ओढायला? मला लहान हवं. डोलकाठीच्या पुढेच संपेल असं. दोन हात ओढले की झालं काम. माझा खांदा गेलाय, कळतंय का? परवा पेशंटला हात वर करून दाखवायचा तर माझाच वर जाईना. तो म्हणाला, बाई, आधी तुम्ही झोपा."

"मला विचाराल तर," वन्सं मधेच म्हणाल्या, "सावली पडेल असं घ्या."

डॉक्टरांच्या या थोरल्या बहिणीने बरीच वर्षं व्हॉलीबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उंच खुर्चीवर बसून शिट्टी वाजवली होती. आता शिट्टी नव्हती, पण त्या बोलल्या की माणूस आपसूक थांबे. या वेळी मात्र कुणी थांबलं नाही. वाद शिडाच्या या काठावरून त्या काठावर जात राहिला, आणि शेवटी ओट्याजवळ उभ्या असलेल्या बाईंनी जाहीर केलं की शीड उचलल्याशिवाय गॅसपर्यंत हात पोचत नाही, तेव्हा जेवायचं की भांडायचं ते ठरवा.

शीड शिवणाऱ्याचं शिवणघर रंगाच्या दुकानावर होतं. दारात चपला-बूट काढून आत गेलं की सगळीकडे नुसती गुळगुळीत लाकडी जमीन, नाचायला केलेल्या दालनासारखी. ना टेबल, ना खुर्ची. खोलीच्या मधोमध जमिनीतून एक माणूस छातीपर्यंत वर आला होता आणि त्याच्या पुढ्यात शिलाई मशीन होतं.

"या, या," तो माणूस म्हणाला. "घाबरू नका, खड्डा आहे. कापड जमिनीवर पसरलेलं राहतं आणि मी आत बसतो, म्हणजे सगळं एका पातळीत."

डॉक्टरांना माणसांकडे वरून बघायची सवय होतीच, त्यामुळे त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि चिंध्यांची कहाणी सांगितली. त्यात 'अजून थोडं' कुठे आलं नाही.

शिडवाले मोठे गोड माणूस. त्यांना कुणाचंही बोलणं खोडायला जमत नसे. डॉक्टर म्हणाले, मोठं शीड हवं. ते म्हणाले, "अगदी बरोबर. मंद वाऱ्यात मोठ्या शिडासारखं सुख नाही." बाई म्हणाल्या, लहान हवं. ते म्हणाले, "बाईंचं शंभर टक्के खरं. वारा वाढला की मोठं शीड अर्धं गुंडाळावं लागतं, आणि अर्धं गुंडाळलं की त्याला घोळ पडतो. पोत्यासारखं फुगतं, बोट पुढे जायच्या ऐवजी आडवीच व्हायला बघते. लहान शीड कसं नेटकं राहतं." वन्संनी सावलीचा मुद्दा मांडला. "सावली पाहिजेच," शिडवाले म्हणाले. "उन्हाचा फार त्रास."

"अहो, पण तुमचं मत काय?" बाईंनी विचारलं.

"माझं मत तुमच्याच बाजूचं आहे," ते तिघांकडे बघून म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, बोट कुठवर नेता? डॉक्टरांनी छाती फुगवून लांबच्या बंदरांची नावं सुरू केली. बाई म्हणाल्या, "ही नावं त्यांनी नकाशात वाचलीत. आम्ही समोरच्या बेटापर्यंत जातो, डबा खातो आणि परत येतो." शिडवाल्यांनी दोन्ही गोष्टींना मान डोलावली आणि सांगितलं की माप लागेल. शिडाची पुढची कड जिथे संपते तिथपासून, म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यापासून, खालच्या कडीपर्यंत. फाटलेल्या शिडावर विसंबून चालणार नाही, ते ताणून ताणून लांब झालंय.

"म्हणजे कुणीतरी वर जायला हवं," ते म्हणाले.

डॉक्टर एकदम बुटाच्या नाडीकडे वळले. बूट दाराबाहेर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कापडी झुल्यात बसून वर निघाल्या. मागच्या शिडाचा दोर झुल्याला बांधला, एक जादाचा दोर कमरेला, गळ्यात मोजपट्टी. खाली चरखी फिरवायला डॉक्टर आणि सैल दोर ओढून धरायला वन्सं. बोटीवरची चरखी डॉक्टरांनी हातात धरल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. पहिल्या काही फेऱ्यांत ते बोलत होते, मग नुसते श्वास घेऊ लागले.

"तू वजनाला वाढलीयस का गं?" त्यांनी मधेच थांबून विचारलं.

"शीड ओढताना मी विचारते का बोटीचं वजन?" वरून उत्तर आलं.

शेंड्याशी पोचल्यावर बाईंनी आधी पळालेला दोर पकडून झुल्याला बांधला. मग सहज आजूबाजूला पाहिलं आणि पाहतच राहिल्या. धक्क्यावरच्या सगळ्या डोलकाठ्या त्यांच्या पायाखाली होत्या. पाणी खालून दिसतं तसं सपाट नव्हतं. वारा कुठून कुठे चाललाय ते त्यावर स्पष्ट उमटत होतं, कुणी कापडावरून तळहात फिरवल्यासारखं. इथे कुणी "पालटू या" म्हणत नव्हतं. बाईंनी झुल्यात पाय हलवले.

"माप!" खालून डॉक्टर ओरडले. मोजपट्टीचं एक टोक वन्संनी खालच्या कडीला धरलं होतं. आकडा बाईंच्या हातात होता. "किती भरलं?"

बाईंनी आकडा वाचला. मग त्यांच्या मनात आलं, हा आकडा आत्ता या जगात फक्त आपल्याला माहीत आहे.

"आधी सांगा," त्या म्हणाल्या, "लहान शीड घ्यायचं ना?"

"अगं, आकडा सांग!"

"आधी कबूल करा."

"दोर माझ्या हातात आहे, विसरू नकोस!"

"मग सोडा बघू."

डॉक्टरांनी वर पाहिलं. वर पाहिल्यावर त्यांना गरगरलं, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. दोर सोडता येत नव्हता आणि धरून ठेवल्याने हाताला रग लागली होती. शेजारच्या बोटीवर फरशी पुसणारा गृहस्थ पुसायचं थांबवून उभा राहिला.

"अशी किती वेळ बसणार आहेस?"

"मला इथे छान वाटतंय," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

शेवटी वन्संना राहवलं नाही. मोजपट्टी पायाखाली दाबून त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की शेजारच्या गृहस्थाच्या हातातला फडका पडला.

"पुरे!" त्या म्हणाल्या. "छोट्या, तू दोर धरून गप्प राहा. वहिनी, तुम्ही आकडा सांगा आणि खाली या. त्या शिडवाल्याकडे कोपऱ्यात जुनी शिडं पडलीत, मी पाहिलीत. एक मोठं, एक लहान मागून आणू आणि लावून बघू. पण बाजू बदलून. सुकाणू वहिनींकडे, दोर तुझ्याकडे. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणा."

"बाजू बदलून कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"व्हॉलीबॉलमधे बदलतात म्हणून."

साठी उलटलेले, शहरभर मान असलेले डॉक्टर थोरल्या बहिणीपुढे अजूनही 'छोट्या'च होते.

शिडवाल्यांनी दोन्ही शिडं हसत हसत दिली. पुढच्या सुट्टीला तिघं निघाले तेव्हा वारा अगदी मंद होता. आधी लहान शीड लावलं. बाई सुकाणूवर बसल्या, पाठ ताठ, हात जरा घट्ट. अधूनमधून त्यांनी सुकाणू धरलं होतं, पण ते डॉक्टरांना टोपी घालायची असली की तेवढ्यापुरतं.

"पालटू या," त्या म्हणाल्या.

डॉक्टर उठले, एक दोर सोडला, दुसरा ओढला. लहान शीड डोलकाठीच्या पुढून सुळकन पलीकडे गेलं. झालं. चरखीला दांडा लावावाच लागला नाही. डॉक्टर क्षणभर आणखी काही काम निघतंय का याची वाट बघत उभे राहिले आणि मग खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी डबा उघडला.

"शहाणं शीड आहे हं हे," ते घास चावत म्हणाले. "त्रास म्हणून नाही."

बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण बोट जागची हलत आहे की नाही याचीच शंका येत होती. सुकाणू हातात मेल्यासारखं पडलं होतं. डावीकडे वळवलं काय, उजवीकडे वळवलं काय, बोट विचार करून सांगते म्हणायची. मागून एक बदक आलं, त्यांच्या बरोबरीने आलं, आणि मान वळवून बघत पुढे निघून गेलं. वन्संनी पुस्तक डोक्यावर धरलं होतं. बेटापर्यंत पोचेतो बाईंच्या मनात एक चोरटा विचार तीनदा येऊन गेला होता, आणि तिन्ही वेळा त्यांनी तो हाकलला होता.

बेटाच्या आडोशाला नांगर टाकून त्यांनी शिडं बदलली. नांगर उचलून मोठं शीड उलगडलं तसं ते आधी लोंबलं, मग एकदा श्वास घेतल्यासारखं फुगलं, आणि बोट एका अंगावर किंचित कलून चालायला लागली.

बाईंच्या हातात सुकाणू जिवंत झालं. दुसरा शब्द नाही. त्यांनी आयुष्यभर माणसांचे सांधे हाताखाली धरले होते. स्नायू कुठे धरून आहे, कुठे सुटतोय हे त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळे. तसंच हे होतं. जरा दाबलं की बोट वाऱ्याकडे झेपावे, जरा सैल सोडलं की हलकी होई. पाण्यावर वाऱ्याची सावली येताना त्यांना दिसली. डोलकाठीवरून पाहिली होती तशीच.

"पालटू या!" त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला.

डॉक्टरांनी दोर सोडला. मोठं शीड डोलकाठीला अडलं, तारांना बिलगलं, आणि दोराची गाठ मधेच कुठेतरी अडकली. डॉक्टर पुढे धावले, ती सोडवून मागे धावले, दोर हातांनी ओढला, मग चरखी फिरवायला लागले.

"ओढा, ओढा! अजून थोडं!"

"आवळलंय की!"

"अजून थोडं!"

हे कुणाच्या तोंडचे शब्द आहेत ते बाईंना बोलून झाल्यावर कळलं. त्यांनी ओठ मिटले. पण लगेच डावीकडून आणखी एक झुळूक येताना दिसली, आणि ती पकडायची तर आत्ताच पालटायला हवं होतं. परतीच्या वाटेवर त्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा पालटल्या. दर वेळी मनात म्हणत, ही शेवटची. पुढे वन्सं गार सावलीत पुस्तक छातीवर ठेवून झोपी गेल्या होत्या. डॉक्टर मात्र घामाघूम होऊन, चरखीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसले होते.

"अगं," ते म्हणाले, "आपल्याला घरीच जायचंय ना?"

त्या रात्री डॉक्टरांना सदऱ्याची बाही काढता येईना. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, खांदा दाबून पाहिला आणि व्यायाम दाखवले. भिंतीला बोटं लावायची आणि हळूहळू वर चढवायची, कोळ्यासारखी. डॉक्टरांनी मुकाट्याने बोटं चढवली. ते "आं" म्हणाले.

"मग?" वन्संनी जेवताना विचारलं. "ठरलं काय?"

"मोठंच," डॉक्टर म्हणाले, पण ताटाकडे बघून.

"लहानच," बाई म्हणाल्या, पण खिडकीकडे बघून.

वन्संनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भात वाढून घेतला.

बाईंना झोप लागेना. इतके दिवस घसा कोरडा करून लहान शीड मागितलं, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? पण त्यातून वाट निघत होती. नवऱ्याला मोठं शीड हवंय. त्याची हौस आहे. बायकोने त्याच्यासाठी मन मोठं केलं, तर त्यात वाईट काय? उलट चारचौघांत सांगण्यासारखीच गोष्ट. खांद्याचं बघू पुढे. मोठेपणाही मिळेल आणि शीडही. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी परस्पर शिवणघरात जाऊन सांगून टाकायचं, असं ठरवून त्या कुशीवर वळल्या.

सकाळी रंगाच्या दुकानावरचा जिना चढून त्या दाराशी आल्या आणि चपला काढायला वाकल्या. दाराशी एक बुटांची जोडी होती. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. हा माणूस डाव्या पायावर भार देऊन चालतो, असं कुणालाही कळलं असतं. बाईंना जरा जास्तच कळलं. रुग्णाच्या तोंडावर उजव्या बाजूने वाकून वाकून ती टाच झिजली होती.

आतून आवाज येत होता.

"...मला काय हो, मोठंच आवडतं. पण तिच्या खांद्याचा विचार करायला नको? बायकोसाठी माणसाने एवढंही करू नये? लहानच शिवा. तिला सांगू नका मात्र, मीच सांगेन."

"फार मोठं मन आहे तुमचं," शिडवाल्यांचा आवाज आला.

बाई चपला हातात घेऊनच आत गेल्या. डॉक्टर खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते आणि एका हाताने खांदा चोळत होते.

"कुणाच्या खांद्याचा विचार चाललाय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर इतक्या घाईने उठले की गुळगुळीत जमिनीवर पाय घसरून पुन्हा बसले. "तू इथे कशी?"

"मी..." बाई थांबल्या. सगळं भाषण तयार होतं: हौस, मन, त्याग. नवरा समोर मोज्यांवर बसला होता, खांदा धरून, चोरी पकडलेल्या मुलासारखा, आणि ते भाषण त्यांच्या तोंडून काही निघेना. "मी मोठं शीड सांगायला आले होते."

"माझ्यासाठी?" डॉक्टर खांदा चोळायचं विसरले.

बाईंना 'हो' म्हणायचा मोह झाला. फार झाला.

"छे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी. मला सुकाणू हवंय. काल मला... अहो, तुम्ही हे सगळं इतकी वर्षं एकटे एकटे खात होतात! मला वाटायचं बसल्या जागी नुसता हुकूम सोडताय. तिथे असं वाटतं हे कधी बोललात का?"

डॉक्टरांनी घसरलेला मोजा वर ओढला. मग म्हणाले, "आणि तू ते चरखीचं प्रकरण इतकी वर्षं करत होतीस? मला वाटायचं तुला आवडतं. तू त्यात तरबेज होतीस म्हणून."

"आवडतं? दर वेळी शिव्या घालायची मी!"

"मला ऐकू नाही यायच्या. वारा उलटा असतो."

यावर बाईंना हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. डॉक्टरही हसायला लागले, पण हसल्याने खांदा दुखे, म्हणून मधे मधे "आई गं" म्हणत हसले. खड्ड्यातले शिडवाले एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. दोघांनाही होकार देऊन ते मोकळे झाले असते, पण आता नेमका कशाला होकार द्यायचा ते त्यांना कळेना.

शेवटी बाईंनीच जमिनीवर बैठक मारली आणि खडू मागून घेतला. लाकडावर डोलकाठीची रेघ ओढली, पुढे बोटीचं नाक, आणि विचारलं, मोठं नको नि लहान नको, तर मधलं कुठवर आणता येईल? शिडवाले कोपरांवर भार देऊन खड्ड्यातून वर आले. डोलकाठीच्या मागे जरासं जाईल एवढं करू, ते म्हणाले. मंद वाऱ्यात बोट बाई सांगतात त्या बदकाच्या मागे राहणार नाही आणि पालटताना चरखी चार-दोन फेऱ्यांत आटपेल. पुढच्या कडेत आतून जाड पट्टी शिवू, म्हणजे वारा वाढला की गुंडाळायचं, आणि गुंडाळलं तरी घोळ पडणार नाही. खालची कड थोडी उंच कापू. समोरून कोण येतंय ते सुकाणूवरून दिसेल.

"पण उंच कापलं तर पुढे सावली..." डॉक्टरांना बहिणीची आठवण झाली.

"फाटक्या शिडाचा वरचा भाग धड आहे. त्याचं छत शिवून देतो, मागच्या दांड्यावर टाकायला. मात्र ताईंना पुढून मागे यावं लागेल."

"ते तुम्ही सांगा त्यांना," दोघं एकदम म्हणाले.

बोटीवर कोण कुठे बसणार हे तिथेच खड्ड्याच्या काठावर ठरलं. जाताना एक, येताना दुसरा. जाताना कोण, यावरून थोडी घासाघीस झाली ती वेगळी.

नवीन शीड आलं तेव्हा ते कापड वाटतच नव्हतं. कागदासारखं करकरीत, उलगडताना कुरकुर करणारं. धक्क्यावर ते वर चढवताना बाईंनी दोराचं टोक मनगटाला गुंडाळून ठेवलं होतं. वारा बरा होता, ना फार, ना कमी. डॉक्टरांनी जाताना सुकाणू धरलं. दोनदा त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं आणि त्यांनी ते गिळलं. बाईंनी दोर ओढला, चरखीच्या फेऱ्या मारल्या, आणि खांदा काय म्हणतो ते ऐकायला थांबल्या. खांदा काही म्हणाला नाही. मागे छताखाली वन्सं बसल्या होत्या. इथे वारा कमी लागतो, पानं उडत नाहीत, हे आधी कुणी का सांगितलं नाही, म्हणून कुरकुरत होत्या.

परतताना सुकाणू बाईंकडे होतं. अर्ध्या वाटेवर सरळच जायचं होतं, पालटायचं काही नव्हतं. डॉक्टर दोन्ही हात मांडीवर ठेवून गुपचूप बसले होते. त्यांची नजर सुकाणूकडे जायची, समुद्राकडे जायची, पुन्हा सुकाणूकडे यायची.

"घ्या," बाई म्हणाल्या. "त्या तरंगत्या लाल पिंपापर्यंत. पुढे माझं."

डॉक्टर चटकन सरकले. बाईंना आता काहीच काम नव्हतं. बोटीवर असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते त्यांना सुचेना. त्या कडेच्या तारांना धरत पुढे गेल्या आणि डोलकाठीच्या पलीकडे, नव्या शिडाच्या पोटाशी पाय पसरून बसल्या. या जागी त्या आजवर फक्त काहीतरी सोडवायला, नाहीतर काहीतरी बांधायला आल्या होत्या. त्यांनी हात वर करून तळवा कापडावर ठेवला. हात सहज वर गेला. कापड ताणलेलं, उन्हाने कोमट, आणि आतून बारीक थरथरत होतं, मांजराच्या गळ्यासारखं. मागून डॉक्टर काहीतरी विचारत होते. वारा उलटा होता. बाईंना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी मान वळवली नाही.